कंपवात आणि न दिसणारी पायरी

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

११ एप्रिलला जागतिक पार्किन्सन्स दिन, म्हणजे कंपवाताचा दिवस, असतो आणि त्या सुमारास आपल्या पुरवणीत या आजारावर एखादा लेख हमखास येतो. यंदाचा लेख मी लक्षपूर्वक वाचला. हातापायांची थरथर, हालचालींतला मंदपणा, स्नायूंचा ताठरपणा आणि जाणारा तोल ही चार लक्षणे त्यात नीट समजावून सांगितली होती, व्यायामाचे महत्त्वही पटवून दिले होते. परंतु या आजारात माणसाला वस्तू किती लांब आहे, पायरी किती खोल आहे, दाराची चौकट खांद्यापासून किती अंतरावर आहे याचा अंदाज येईनासा होऊ शकतो, याबद्दल एक ओळही नव्हती. ही राहून गेलेली बाजू वाचकांपुढे यावी म्हणून हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे याची मला जाणीव आहे. कात्री लावायचीच झाली तर माझ्या घरच्या हकिकतींना लावावी, मेंदूविषयीच्या मजकुराला नको.

मी बडोद्याच्या एका शाळेत ३३ वर्षे चित्रकला शिकवून निवृत्त झालो. वैद्यकाशी माझा संबंध रुग्णाचा नातेवाईक एवढाच. माझ्या पत्नीला ८ वर्षांपूर्वी कंपवाताचे निदान झाले. तिचा आजार डाव्या बाजूने सुरू झाला. चालताना डावा हात हलेनासा झाला होता, थरथर मात्र नावालाच होती. गोळ्या सुरू झाल्यावर हात मोकळा झाला, चाल सुधारली आणि आम्ही काहीसे निर्धास्त झालो. पुढे साधारण ३ वर्षांनी चहा सांडू लागला.

कंपवाताच्या रुग्णाचा चहा सांडतो म्हणजे हात थरथरल्यामुळे सांडतो, असे कोणीही समजेल. मीही तसेच समजत होतो. एके दिवशी ओट्याशेजारी उभा राहून मी नीट पाहिले. सकाळची गोळी लागू पडलेली होती, हात स्थिर होता, किटलीतून पडणारी धार दोऱ्यासारखी सरळ होती. ती फक्त कपात न पडता कपाच्या बोटभर अलीकडे, ओट्यावर पडत होती. ओटा पांढऱ्या लादीचा आणि कपही पांढरा. "अगं, बघून ओत ना," असे मी म्हणालो, तर ती वैतागून म्हणाली, "अहो, मी बघूनच ओततेय." हे तिचे म्हणणे शब्दशः खरे होते, हे कळायला मला आणखी एक वर्ष लागले.

त्या वर्षात इतरही बरेच घडले. संध्याकाळी समई लावताना काडी वातीच्या अलीकडेच थांबायची आणि ज्योत पेटत का नाही म्हणून ती वाट पाहत राहायची. जिना उतरताना शेवटच्या पायरीनंतरही एक पायरी आहे असे समजून तिचा पाय जमिनीवर आपटायचा. उलट कधी पायरी शिल्लक असताना जिना संपला असे वाटून ती पुढे चालू लागायची. स्वयंपाकघराच्या दाराच्या डाव्या चौकटीवर तिचा खांदा इतक्यांदा लागला की तिथला रंग गुळगुळीत झाला. नातेवाइकांनी तिला 'धांदरट' ठरवले, मुलाने 'भित्री' म्हटले आणि मी चष्मा बदलायला नेले.

चष्म्याचा नंबर काढणाऱ्यांनी तपासून सांगितले की नजर उत्तम आहे. आधीच दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूंची शस्त्रक्रिया झालेली होती, तीही चांगली झाली होती. तिने गुजराती अक्षरांच्या तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा अडखळत का होईना, वाचून दाखवली. यात कोणाची चूक होती असे मला म्हणायचे नाही. पण हा तक्ता नेमके काय तपासतो, याचा विचार आपण करत नाही. अक्षरे पांढऱ्यावर ठळक काळी असतात, रुग्ण खुर्चीत स्वस्थ बसलेला असतो, आणि मुख्य म्हणजे दुसरा डोळा झाकून एका वेळी एकच डोळा तपासला जातो. आयुष्यातल्या पायऱ्या मात्र राखाडी दगडावर राखाडी असतात, माणूस चालत असतो आणि दोन्ही डोळे उघडे असतात. दोन डोळे मिळून जे काम करतात, त्याची त्या तक्त्यावर परीक्षाच होत नाही.

ती परीक्षा पुढे एका तरुण नेत्रतपासनीस मुलीने घेतली. तिने एक वहीसारखी पुस्तिका काढली. तिच्या पानावर घरमाशीचे मोठे, किळस वाटावी इतके स्पष्ट चित्र होते. वर घालायला काळसर पोलरॉइड चष्मा दिला आणि पत्नीला सांगितले, "आजी, माशीचा पंख चिमटीत धरा." पत्नीने बोटे थेट कागदावर टेकवली आणि ती चित्र चिमटीत धरू लागली. मला वाटले, यात तपासण्यासारखे काय आहे? मग त्या मुलीने तोच चष्मा मला दिला. माशी पानातून वर उठून आली होती. तिचे पंख कागदाच्या चांगले दीड-दोन इंच वर तरंगत होते आणि मी चिमटीत धरायला गेलो तेव्हा माझी बोटे हवेत थांबली. शेजारी बसलेल्या पत्नीसाठी ती माशी कागदाला चिकटलेलीच राहिली. इतकी वर्षे एकाच घरात राहून आम्ही दोघे दोन वेगवेगळ्या जगांत चहा ओतत होतो, हे मला त्या खुर्चीत बसून कळले.

चित्रकलेच्या शिक्षकाला खरे तर हे आधीच सुचायला हवे होते. सपाट कागदावर खोली कशी आणायची, हेच तर मी मुलांना शिकवत होतो. पुढची वस्तू मागच्या वस्तूला झाकते. लांबची माणसे लहान दिसतात. रस्त्याच्या समांतर कडा क्षितिजाकडे जाताना एकमेकींकडे झुकतात. सावली वस्तूला जमिनीवर टेकवते. यथार्थदर्शनाच्या या साऱ्या युक्त्या एका डोळ्यालाही पुरतात. किंबहुना चित्रातली खोली एक डोळा मिटून पाहिली तर अधिक जाणवते, कारण दोन्ही डोळे उघडे असले की ते 'हा कागद सपाट आहे' अशी चुगली मेंदूकडे करतात. लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारातल्या महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात राजा रविवर्म्याची चित्रे आहेत आणि मी माझ्या विद्यार्थ्यांना दरवर्षी तिथे नेत असे. माशीच्या परीक्षेनंतर मी पत्नीला मुद्दाम तिथे घेऊन गेलो. चित्रातले खांब मागे मागे जाताना तिला माझ्याइतकेच दिसत होते, पदराची घडी कुठे पुढे आली आहे तेही तिने अचूक सांगितले. बाहेर पडताना पायऱ्यांपाशी मात्र तिने माझा हात घट्ट धरला.

चित्रात न सापडणारी जी खोली आहे, ती दोन डोळ्यांच्या फरकातून येते. माणसाच्या दोन बाहुल्यांमध्ये सुमारे ६ सेंटिमीटरचे अंतर असते, त्यामुळे प्रत्येक डोळ्याला समोरचे दृश्य किंचित वेगळे दिसते. इंग्लंडमधील चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ साली आरशांचे एक साधे उपकरण करून दाखवून दिले की दोन सपाट चित्रे, प्रत्येक डोळ्याला एक अशी दाखवली तर मेंदू त्यांतल्या फरकावरून भरीव वस्तू उभी करतो. म्हणजे ही खोली डोळ्यांत नसते. मेंदू ती प्रत्येक क्षणी नव्याने हिशेब करून काढतो. त्या हिशेबासाठी दोन्ही डोळे एकाच जागी रोखलेले असावे लागतात. जवळचे पाहताना दोन्ही बुबुळे नाकाकडे वळतात. कंपवातात हे वळणे अनेकदा अपुरे पडते आणि मग वाचताना ओळी दुहेरी दिसतात. एक डोळा झाकल्यावर अक्षर एकेरी दिसत असेल तर दोष दोन डोळ्यांच्या मेळात आहे, असे समजायला जागा असते.

डोळ्यांकडून आलेली माहिती प्रथम मेंदूच्या अगदी मागच्या भागात, डोक्याच्या पाठीमागे जिथे आपण उशी टेकवतो तिथे, पोचते. तिथून पुढे ती ढोबळमानाने दोन वाटांनी जाते, असे १९८० च्या दशकापासून मानले जाते. कानामागून खालच्या बाजूने जाणारी वाट वस्तू 'काय आहे' ते सांगते, तर माथ्याकडे वर जाणारी वाट ती 'कुठे आहे' आणि हात तिच्याकडे कसा न्यावा ते सांगते. हा भेद समजल्यावर आमच्या ओट्यावरचे कोडे सुटले. कप हा कप आहे, त्यावर निळी नक्षी आहे, तो तिच्या माहेरचा आहे, हे सगळे पत्नीला उत्तम दिसत होते. तो नेमका कुठे आहे एवढेच तिला कळत नव्हते. वरच्या वाटेवरच्या, म्हणजे माथ्याच्या मागील भागात कंपवाताच्या रुग्णांमध्ये साखरेचा वापर, म्हणजे पेशींचे काम, मंदावलेले असल्याचे पेट स्कॅनच्या अभ्यासांतून दिसून आले आहे, आणि ज्यांची दृष्टीची कामे अधिक बिघडलेली असतात अशा रुग्णांत याच परिसरातील करडा थर पातळ झाल्याचे काही एमआरआय अभ्यासांत आढळले आहे. या कामात मेंदूच्या उजव्या अर्धगोलाचा वाटा मोठा असतो आणि शरीराची डावी बाजू त्याच्याच ताब्यात असते. डाव्या बाजूने आजार सुरू झालेल्यांना अंतराचा आणि दिशेचा अंदाज अधिक चुकतो, असे सुचवणारे संशोधन आहे, त्याचे कारण बहुधा हेच असावे. दाराची डावी चौकट आणि पत्नीचा डावा खांदा यांचा संबंध मी मनातल्या मनात इथे जोडला. तो बरोबरच आहे असा माझा दावा नाही.

मग हे लक्षण इतकी वर्षे दुर्लक्षित का राहिले? जेम्स पार्किन्सन या लंडनच्या वैद्याने १८१७ साली या आजारावर जो निबंध लिहिला, त्यातील व्याख्येतच असे म्हटले आहे की इंद्रिये आणि बुद्धी यांना इजा पोचत नाही. निबंध केवळ सहा रुग्णांवर आधारलेला होता आणि त्यांतल्या काहींना तर त्याने रस्त्यात पाहिले होते. रस्त्याने जाणाऱ्या माणसाची चाल दिसते, वाकलेली पाठ दिसते, थरथरणारा हात दिसतो. त्याला पायरी कशी दिसते ते पाहणाऱ्याला कसे कळावे? पार्किन्सनच्या निरीक्षणशक्तीबद्दल मला आदरच आहे, परंतु त्या एका वाक्याची छाया आजही दवाखान्यांतून रेंगाळते असे वाटते. आपण मराठीत आजाराला कंपवात म्हणतो, त्या नावातही कंप तेवढा आहे.

आज या आजाराबद्दल जे ठाऊक आहे ते बरेच व्यापक आहे. मेंदूच्या खोडाच्या वरच्या टोकाला सब्स्टँशिया नायग्रा नावाचा काळसर पट्टा असतो. त्यातल्या पेशी डोपामिन हे पेशींमध्ये निरोप पोचवणारे रसायन तयार करतात, आणि थरथर किंवा मंदपणा लक्षात येईपर्यंत त्यांतला मोठा भाग नष्ट झालेला असतो. हे आपल्या लेखात आले होते. पण डोपामिन फक्त तिथेच असते असे नाही. डोळ्याच्या पडद्यातही डोपामिनवर चालणाऱ्या पेशी आहेत आणि कंपवातात तिथलेही डोपामिन घटते. त्याचा परिणाम असा की तक्त्यावरची काळी अक्षरे दिसतात, परंतु फिक्या रंगावरचा फिका रंग वेगळा कळत नाही. पांढऱ्या ताटातला दहीभात, राखाडी जिन्याची राखाडी कड, संध्याकाळच्या उजेडातला कोटा दगड ही त्याची घरगुती उदाहरणे. खोलीचा अंदाज करायला आधी कड दिसावी लागते. कडच विरघळली तर मेंदूने हिशेब कशाचा करायचा?

त्याशिवाय अल्फा सिन्यूक्लिन नावाचे प्रथिन पेशींत गोळा होते. अशा गोळ्यांना ल्यूवी पिंड म्हणतात आणि ते मुख्यतः याच प्रथिनाचे असतात हे १९९७ साली उघड झाले. हायको ब्राक या जर्मन शास्त्रज्ञाने २००३ साली मांडले की हा साठा अनेकांत मेंदूच्या खोडाच्या खालच्या भागात आणि वासाच्या केंद्रात सुरू होतो आणि वर्षानुवर्षे वर सरकत शेवटी मेंदूच्या पृष्ठभागापर्यंत पोचतो. सर्वच रुग्णांत हा क्रम तंतोतंत दिसत नाही, परंतु आमच्या घरी तो बराच जुळला. निदानाच्या कितीतरी आधी पत्नीला फोडणी करपल्याचा वास येईनासा झाला होता आणि त्यावरून आम्ही हसायचो. वास आधी गेला, हात मागून आखडला आणि पायरी त्याहून नंतर हरवली.

या अडचणींत भर घालणारी आणखी कारणे असतात आणि ती सुधारण्याजोगी असल्याने त्यांचा उल्लेख करतो. या आजारात पापण्यांची उघडझाप कमी होते, त्यामुळे डोळे कोरडे पडून दृष्टी धूसर होते. थेंबांनी बराच फरक पडतो. थरथरीसाठी दिल्या जाणाऱ्या ट्रायहेक्सिफेनिडिलसारख्या औषधांनी जवळचे अंधुक दिसू शकते. लांबचा आणि जवळचा असे दोन नंबर एकाच काचेत असलेला चष्मा घालून जिना उतरताना पायरी नेमकी खालच्या, वाचनाच्या भागातून दिसते आणि पुसट होते. जिन्यासाठी केवळ लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा ठेवणे हा साधा उपाय आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत काही वेळा एका डोळ्यात लांबच्या आणि दुसऱ्यात जवळच्या नजरेची भिंगे बसवतात. अनेकांना ती सोयीची पडतात, पण दोन डोळ्यांच्या मेळातून येणारी खोली त्याने कमी होते. कंपवात असल्यास शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना तसे आवर्जून सांगावे. बुबुळे आत वळण्याचा दोष असेल तर प्रिझमच्या काचा उपयोगी पडू शकतात. लेव्होडोपाच्या, म्हणजे मेंदूत डोपामिनची भर घालणाऱ्या गोळ्यांनी हालचाल सुधारली म्हणजे खोलीचे भानही त्याच मापाने परत येईल, अशी अपेक्षा मात्र धरू नये. आमच्याकडे ते आले नाही.

दृष्टीचा हाच बिघाड पुढे काही रुग्णांत भास होण्याशी जोडलेला आढळतो. खुर्चीवर टाकलेला पंचा तिन्हीसांजेला मांजर वाटणे, हे त्याचे सौम्य रूप. घरचे घाबरतात आणि डॉक्टरांना सांगायला लाजतात. सांगावे, आणि गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत, एवढेच इथे म्हणतो.

दारापाशी पाय जमिनीला चिकटणे ही गोष्ट मात्र थोडी विस्ताराने सांगायला हवी, कारण तिच्यात डोळे आणि पाय यांचे नाते उघड दिसते. मोकळ्या अंगणात नीट चालणारा रुग्ण अरुंद दारापाशी येऊन खिळून उभा राहतो. तेच दार रुंद असले तर इतके अडत नाही. उलट जमिनीवर पावलाच्या अंतराने आडव्या रेघा मारल्या तर अडखळणारा माणूस त्या ओलांडत सहज चालतो. हे निरीक्षण १९६० च्या दशकापासून वैद्यकात नोंदलेले आहे. मी आमच्या बोळात पिवळ्या चिकटपट्टीच्या ७ रेघा मारल्या. पत्नी त्यावरून चालताना जणू ठिपक्यांची रांगोळी ओलांडत असल्यासारखी पावले उचलते आणि दारातून पार होते. पण यात एक मेख आहे. रेघ जिथे हवी तिथेच हवी. काळ्या-पांढऱ्या चौकटींची फरशी, दाट नक्षीचे जाजम किंवा दारातले काळे पायपुसणे उलट घात करते. आमचे काळे पायपुसणे पत्नीला खड्ड्यासारखे दिसत असे आणि ते ओलांडायला ती लांब ढांग टाकत असे. आम्ही फरशीच्याच रंगाचे आणले, ढांग थांबली.

हा अनुभव ज्यांना कल्पनेत आणता येत नाही त्यांनी बडोद्यातल्या मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाची आठवण काढावी. वरचा उजेड खाली पोचावा म्हणून पुस्तकांच्या मजल्यांवर काचेची जमीन घालण्याची ती योजना अप्रतिम आहे, सयाजीरावांच्या काळाची दृष्टी तीत दिसते. पण तिच्यावर पहिले पाऊल टाकताना धडधाकट माणूसही क्षणभर थबकतो, कारण पाय म्हणतो 'घट्ट आहे' आणि डोळा म्हणतो 'खाली पोकळी आहे'. कंपवाताच्या रुग्णाच्या पायांत आणि डोळ्यांत हा वाद रोज, स्वतःच्या घरातल्या साध्या लादीवर चालू असतो.

दोन वर्षांपूर्वी शहरातल्या एका सभागृहात मराठी नाटक पाहायला गेलो होतो. मध्यंतरात दिवे पुरते लागायच्या आत लोक उठले. उतरत्या पायऱ्या काळ्या ग्रॅनाइटच्या, वरची आणि खालची एकाच लकाकीची, कडेला कसलीही खूण नाही. तिसऱ्या पायरीवर पत्नीचा पाय हवेत पडला आणि मनगट मोडले. मदतीला धावून आलेल्या माणसाने तिला प्रेमाने उठवले, पाणी दिले आणि म्हटले, "बेन, जोईने चालो ने." बघून चाला ना. त्याच्या चांगुलपणाबद्दल मला शंका नाही, पण मला माझाच ओट्याशेजारचा आवाज ऐकू आला.

यासंबंधी सार्वजनिक पातळीवर काही करता येण्याजोगे आहे आणि त्यासाठी नवा कायदा लागत नाही. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ यात दिव्यांगत्वाचे जे २१ प्रकार दिले आहेत, त्यांत पार्किन्सन्सचा नावानिशी समावेश आहे. त्याच कायद्यानुसार अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती ठरावीक मुदतीत सर्वांना वापरता येतील अशा करायच्या होत्या आणि ती मुदत नियम जाहीर झाल्यापासून ५ वर्षांची होती. नियम २०१७ साली जाहीर झाले. सुगम इमारत म्हणजे चाकाच्या खुर्चीसाठी उतार, एवढाच अर्थ आपल्याकडे घेतला जातो. उतार हवाच, परंतु प्रत्येक पायरीच्या कडेला दोन बोटे रुंद, विरोधी रंगाची पट्टी आणि जिन्यावर पुरेसा उजेड यांना उताराच्या खर्चाचा शंभरावा हिस्साही लागणार नाही. सभागृहे, बँका, मंदिरे आणि मंगल कार्यालये यांच्या विश्वस्तांनी एकदा संध्याकाळी ७ वाजता आपल्याच पायऱ्या उतरून पाहाव्यात, चष्मा काढून.

मेंदुविकार तज्ज्ञांना माझी विनंती आहे की प्रत्येक भेटीत ते रुग्णाला बोटे आपटायला लावतात, मागून खांदे ओढून तोल पाहतात, त्याच्या जोडीला एक प्रश्न विचारावा: "चहा ओतताना धार कुठे पडते?" नेत्रतज्ज्ञांनी कंपवाताचा रुग्ण समोर बसला असता तक्त्यावर न थांबता दोन डोळ्यांचा मेळ, जवळ पाहण्याची क्षमता आणि फिक्या रंगांतला भेद तपासावा, माशीची पुस्तिका अनेक दवाखान्यांत लहान मुलांसाठी ठेवलेली असतेच, ती आजोबांपुढेही उघडावी. आणि जे रुग्ण अजून स्कूटर चालवतात त्यांच्या घरच्यांनी हा विषय टाळू नये. माझ्या ओळखीतले एक गृहस्थ गोळ्यांमुळे चांगले हिंडते-फिरते होते. सिग्नलला ते पुढच्या रिक्षापासून एकतर चार हात आधी थांबत किंवा तिला टेकत. त्यांनी स्वतःहून चावी मुलाच्या हाती दिली. तसे करणे किती जड जाते ते मला ठाऊक आहे, कारण बडोद्यात स्कूटर नसलेला माणूस भाजी आणायलाही दुसऱ्यावर अवलंबून राहतो.

आमच्या घरी आता कप गडद लाल आहेत, ओट्याच्या कडेला निळी पट्टी आहे आणि समई पितळेच्या ताटाऐवजी काळ्या दगडी पाटावर ठेवतो. चहा अजून कधीकधी सांडतो, पण रोज नाही. आमच्या सोसायटीच्या जिन्यावर मी स्वखर्चाने प्रत्येक पायरीला पिवळी पट्टी लावली. सेक्रेटरींनी सुरुवातीला हरकत घेतली, कारण संगमरवरी जिन्यावर ती शोभत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या गुजराती आजींना कंपवात नाही, फक्त वय आहे. त्यांनी सेक्रेटरींना काय सांगितले ते मला कळले नाही, पण हरकत मागे पडली. दिवाळीपूर्वी जिन्याचे पॉलिश व्हायचे आहे आणि त्या वेळी पट्ट्या निघतील. त्या पुन्हा लावाव्यात, आणि या वेळी रंगानेच रंगवाव्यात, असा लेखी अर्ज मी गेल्या सोमवारी सोसायटीत दिला आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक
दांडिया बाजार, वडोदरा

(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)